जात्यावरची ओवी (मुळशी तालुका)

जात्यावरची ओवी हा दळण दळताना स्त्रियांनी रचलेल्या व गायिलेल्या मौखिक गीतांचा प्रकार आहे. तो महाराष्ट्राच्या बहुतेक सर्व भागांत आढळतो. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुळशी तालुक्याला या प्रकाराच्या अभ्यासात विशेष स्थान आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या संशोधक दांपत्याने १९८० च्या दशकात या भागातील कष्टकरी स्त्रियांसोबत काम करताना ओव्यांचे संकलन आरंभिले. पुढे ते महाराष्ट्रभर विस्तारले आणि त्यातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला.

गीतातील शब्दांना किती महत्त्व असते, या प्रश्नाच्या दृष्टीनेही हा प्रकार अभ्यासनीय ठरतो. ओवीला व्यावसायिक गीतकार, संगीतकार, वाद्यमेळ वा रंगमंच यांपैकी काहीही नसते. चाल साधी व पुनरावृत्त असते आणि एकाच चालीवर शेकडो ओव्या गायिल्या जातात. त्यामुळे एक ओवी दुसरीहून वेगळी ठरते ती मुख्यतः शब्दांमुळे.

नाव व संज्ञा

‘ओवी’ हा शब्द ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडला जातो. फुले दोऱ्यात ओवावी तसे शब्द ओवणे, असा अर्थ त्यातून घेतात. अभ्यासक ओवीचे ग्रंथातील ओवी आणि लोकगीतातील ओवी असे दोन ठळक भेद मानतात. ज्ञानेश्वरीतील ओवी पहिल्या प्रकारची होय. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा चरण आखूड व यमकविरहित असतो. म्हणून तिला साडेतीन चरणी ओवी म्हणतात. लोकगीतातील ओवी यापेक्षा सैल असून तिची बांधणी प्रदेशानुसार बदलते. दळताना गायिली जाणारी ती जात्यावरची किंवा दळणाची ओवी. कांडताना, मूल झोपवताना, लग्नातील विधींच्या वेळी आणि भोंडल्यासारख्या खेळांत गायिली जाणारी गीते तिच्या जवळची असली, तरी त्यांचा प्रसंग व ठेका निराळा असतो.

मावळ व मुळशीच्या खेड्यांतील स्त्रिया ‘गळा’ हा शब्द आवाज या अर्थी वापरतात, तसाच चाल या अर्थीही वापरतात. चाल ही ज्या कंठातून आली त्याच्याशी जोडलेली गोष्ट आहे, अशी दृष्टी या वापरातून दिसते.

ऐतिहासिक उल्लेख

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ किंवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात (शके १०५१, इ.स. ११२९) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ओवीच्या जुन्या उल्लेखांपैकी हा एक महत्त्वाचा मानला जातो. ज्ञानेश्वरीची रचना त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये झाली. म्हणजे ग्रंथातील ओवी प्रतिष्ठा पावण्याच्या कितीतरी आधी स्त्रियांच्या श्रमगीतातील ओवी प्रचारात होती. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या तेराव्या शतकातील ग्रंथातही ओवीची दखल घेतलेली आहे.

वारकरी परंपरेत जाते आणि दळण यांना रूपकाचे स्थान मिळाले. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईसोबत विठ्ठल दळू लागला, ही आख्यायिका खेडोपाडी सर्वांना ठाऊक आहे. दळणारीला एकटेपणी सोबत करणारा देव ही कल्पना जात्यावरच्या ओव्यांतही वारंवार येते.

विसाव्या शतकात ओव्यांची पद्धतशीर जुळवाजुळव सुरू झाली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात ओव्यांची विषयवार मांडणी केली. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ म्हटले. वेदांसाठी राखून ठेवलेले हे विशेषण स्त्रियांच्या गीतांना लावताना त्यांनी ‘पुरुषांनी न रचलेले’ हा दुसरा अर्थही साधला. दुर्गा भागवत यांनी ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ (१९५६) या ग्रंथात लोकगीतांचे शास्त्रीय विवेचन केले. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून विविध प्रदेशांतील गीते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

मुळशीचा परिसर

मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड आहे. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला लागून असून ताम्हिणी घाटाच्या बाजूला अतिशय पाऊस पडतो. भात हे मुख्य पीक असून डोंगरउतारावर नाचणी व वरई घेतली जाते. वाड्या विखुरलेल्या आणि रस्ते दीर्घकाळ तुटपुंजे असल्याने घरचे दळण घरीच करण्याची गरज येथे बराच काळ टिकून राहिली.

या तालुक्याचा आधुनिक इतिहास धरणाशी बांधलेला आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळा नदीवर बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यामुळे ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. विनायक महादेव भुस्कुटे हेही त्याच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होते. मावळ्यांसोबत त्यांच्या बायकाही या लढ्यात उतरल्या होत्या. सत्याग्रह अयशस्वी झाला, धरण पूर्ण झाले आणि अनेक गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पुढील काळात तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडीची माहिती तंत्रज्ञान नगरी आणि पश्चिमेला लवासा वसाहत उभी राहिली. जमिनीची विक्री आणि शेतकऱ्यांचे विस्थापन हे प्रश्न पुन्हा ऐरणीवर आले. प्रवीण तरडे दिग्दर्शित ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटाचा विषय हाच आहे.

जाते व दळणाची रीत

जाते म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन गोल दगड. खालची तळी स्थिर असते आणि वरची पाळी लाकडी खुंट्याला धरून फिरवतात. वरच्या दगडाच्या मध्यभागी असलेल्या तोंडातून मूठमूठ धान्य घालतात. त्याला ‘वैरण घालणे’ म्हणतात. दगडांच्या पृष्ठभागावरील खाचा झिजल्या की टाकी लावून जाते पुन्हा खडबडीत करून घ्यावे लागते.

दळण पहाटे उरकले जाई. त्या दिवसाच्या भाकरीचे पीठ न्याहारीपूर्वी तयार हवे असे आणि दिवस उजाडल्यावर शेत, गुरे व पाणी यांची कामे वाट पाहत असत. एकटी स्त्री दळू शकते, पण सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय किंवा शेजारणी अशा दोघी समोरासमोर बसल्या की काम हलके होते. दोघींचे हात एकाच खुंट्यावर असतात. एक जण ओवी उचलते आणि दुसरी ती पुढे नेते किंवा तिला उत्तर देते. जात्याची घरघर हाच अखंड सूर आणि फेऱ्याची गती हाच ठेका होय.

लग्नविधीतही जात्याला मान आहे. हळद दळण्यापूर्वी त्याची पूजा करून त्याला हळदकुंकू वाहतात आणि सुवासिनी त्यावर ओव्या गातात. घरोघरी रोजचे दळण थांबल्यानंतरही हा विधी अनेक ठिकाणी टिकून आहे.

रचना

मुळशीच्या परिसरातील जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते. प्रत्येक ओळीचे दोन भाग पडतात आणि दोन्ही ओळींच्या शेवटी यमक जुळते. पहिल्या ओळीत बहुधा एखादे दृश्य, वस्तू किंवा प्रसंग येतो. दुसरी ओळ त्याला माणसाशी, नात्याशी वा मनातील सलाशी जोडते. अर्थाचा भार त्यामुळे दुसऱ्या ओळीवर, त्यातही तिच्या उत्तरार्धावर पडतो. दोन ओळींत विषय संपवण्याची ही सक्ती रचनेला नेमकेपणा देते. पाल्हाळाला येथे जागा नसते.

ओवी रचणारी स्त्री कोऱ्या पाटीवर लिहीत नाही. तिच्याजवळ तयार पदबंधांचा मोठा साठा असतो. संबोधने, नात्यांची नावे, यमकाच्या जोड्या, ठरीव उपमा आणि आरंभाची वाक्ये तिने लहानपणापासून ऐकलेली असतात. भावाच्या नावाची जागा, गावाच्या नावाची जागा, दागिन्याची जागा मोकळी असते आणि गाणारी ती आपल्या संसारातील तपशिलाने भरते. जुनी ओवी अशा रीतीने एका शब्दाच्या बदलाने नवी होते. काही वेळा बदल यापेक्षा खोल असतो. ठरलेल्या पहिल्या ओळीनंतर अपेक्षित सांत्वनाऐवजी प्रश्न येतो, आणि ऐकणाऱ्या दुसरीच्या तो लगेच ध्यानात येतो. परिचित साच्यातील अनपेक्षित शब्द हे ओवीरचनेचे मर्म आहे. तो बदल साचा ठाऊक असलेल्यालाच कळतो.

ओव्या एकामागून एक गाताना माळ तयार होते. पहिली, दुसरी, तिसरी असे आकडे घालून देवांना, आईबापांना, भावंडांना एकेक ओवी अर्पण करणे ही माळेची एक प्रचलित रीत आहे. दुसरी रीत विषयसाखळीची आहे. एकीने माहेरचा उल्लेख केला की दुसरीला भाऊ आठवतो, भावावरून भावजय, भावजयीवरून दुरावा, असा क्रम आपोआप लागतो. ही माळ आधी ठरवलेली नसते. दळण संपले की गाणेही संपते.

प्रसाराचा मार्ग

ओव्या गावोगाव पसरण्याचे मुख्य कारण विवाहपद्धतीत आहे. मुलगी आईच्या मांडीवर, आजीच्या शेजारी ओव्या ऐकत वाढते आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. माहेरच्या ओव्या ती सासरी नेते आणि सासू, जावा, नणंदा यांच्याकडून नव्या शिकते. एकच ओवी किरकोळ फरकाने अनेक तालुक्यांत सापडते, याचा उलगडा या सोयरिकींच्या जाळ्यातून होतो. ओवी कोणाकडून शिकलीस, असे विचारले असता आई, आजी, आत्या, सासू अशीच नावे पुढे येतात. ही कला गुरूकडून रीतसर शिकण्याची नाही.

शब्द आणि चाल

चाल ही ओवीची वाहक आहे. एका बैठकीत दळणाऱ्या स्त्रिया बहुधा एकच चाल धरून सर्व ओव्या गातात. विषय सीतेचा असो वा शेजारणीचा, दुःखाचा असो वा चेष्टेचा, चाल बदलत नाही. भाव पोहोचवण्याचे काम स्वररचनेवर सोपवलेले नसल्याने ते शब्दांना करावे लागते.

मात्र गाताना शब्द जसेच्या तसे उच्चारले जात नाहीत. ओळीचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, काही वेळा उत्तरार्ध आधी व पूर्वार्ध नंतर येतो, ‘बाई’, ‘ग’, ‘सये’ अशी संबोधने मध्ये भरली जातात आणि स्वर लांबवला जातो. बाहेरच्या श्रोत्याला पहिल्या ऐकण्यात अर्थ हाती लागत नाही. जाणत्या स्त्रीला हीच पुनरावृत्ती उपयोगी पडते. गाणारीला पुढचे शब्द जुळवायला अवधी मिळतो आणि सोबतिणीला ओवी ओळखून तिच्यात सूर मिसळता येतो. सांगितलेली ओवी आणि गायिलेली ओवी यांत त्यामुळे फरक पडतो. पहिली दोन नेटक्या ओळींत मावते, दुसरी त्याच ओळींच्या अनेक आवर्तनांनी बनते.

जाते समोर नसेल तर ओव्या आठवत नाहीत, असे अनेक गायिका सांगतात. हाताची गती, दगडाचा आवाज आणि समोरची जोडीदारीण यांच्याशी शब्दांची आठवण जखडलेली असते. शब्द हे ओवीचे सर्वस्व असले तरी ते वहीतल्या ओळींसारखे स्वतंत्र साठवलेले नसतात, असा याचा अर्थ होतो.

विषय

ओव्यांतील विषयांचा आवाका मोठा आहे. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे :

सीता : रामायणातील सीता ही दळणाऱ्या स्त्रीची सखी आहे. तिचा वनवास, तिच्यावरील संशय आणि गर्भवती असताना झालेला त्याग यांवर असंख्य ओव्या आहेत. रामाच्या देवपणाला बाध न आणता त्याच्या वागण्याबद्दल प्रश्न विचारण्याची मोकळीक हा विषय देतो. सासरच्या छळाविषयी उघड बोलता येत नसले, तरी सीतेच्या छळाविषयी गाता येते.

स्त्रीजन्म : मुलीचा जन्म, तिचे परक्या घरी जाणे, राबणे आणि तिच्या कष्टांची नोंद न होणे.

माहेर : आई आणि भाऊ हे सर्वांत लाडके विषय. भावाची वाट, त्याने आणलेली चोळी, भावजयीशी असलेले आंबटगोड नाते.

पंढरी व आळंदी : वारी, विठ्ठल-रखुमाई यांचा संसार, ज्ञानेश्वर-तुकाराम. देवादिकांचे नाते येथे घरगुती होते आणि रखुमाई विठ्ठलाशी रुसते.

श्रम : जाते, शेत, भातलावणी, मोळी, पाणी. जात्याला देव मानून त्याच्याशी केलेला संवाद.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर : दलित व पुढे बौद्ध झालेल्या स्त्रियांनी बाबासाहेब, रमाबाई आणि १९५६ चे धर्मांतर यांवर ओव्या रचल्या. जुना छंद आणि जुनीच संबोधने घेऊन नवा आशय कसा उभा राहतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीतील ओव्या यासाठी प्रसिद्ध आहेत.

श्रोता कोण?

जात्यावरच्या ओवीला रूढ अर्थाने श्रोतृवर्ग नाही. ती कोणाला ऐकवण्यासाठी गायिली जात नाही, तरी ती ऐकणारे अनेक असतात.

पहिला श्रोता जाते. अनेक ओव्यांत त्याला उद्देशून मनातले सांगितलेले असते, कारण ते ऐकते आणि कोणाला सांगत नाही. दुसरी श्रोती खुंट्यावर हात असलेली जोडीदारीण. ती ऐकते, पारखते आणि उत्तर देते. शब्द चुकला, यमक फसले किंवा ओवी मर्मावर बसली तर ते तिलाच प्रथम कळते. मांडीवर अर्धवट झोपेत असलेले मूल हा तिसरा श्रोता; मुलगी असेल तर पुढे तीच गाणारी होते. चौथे श्रोते घरातच पलीकडे असतात. नवरा, सासरा, दीर हे उजाडण्यापूर्वीच्या शांततेत सर्व ऐकतात, पण ओवी त्यांना उद्देशून नसल्याने तिला जाब विचारता येत नाही. दिवसा बोलता न येणारी तक्रार पहाटे गाता येते. दळण हे घराच्या गरजेचे काम असल्याने ते थांबवता येत नाही, आणि दळणासोबतचे गाणेही थांबवता येत नाही.

ऐकणाऱ्यांच्या या रचनेमुळे ओवीतील शब्दांना दुहेरी काम करावे लागते. जोडीदारणीला ते उघड कळले पाहिजेत आणि पलीकडच्याला ते सीतेच्या वा शेजारणीच्या नावाआड झाकलेले राहिले पाहिजेत. ओवीतील आडवळण ही अशी प्रत्यक्ष गरजेतून आलेली शैली आहे.

मुळशीतील संकलन

मूळचे फ्रान्सचे असलेले गी प्वातवँ (१९३४–२००४) १९७२ मध्ये भारतात आले आणि पुण्यात स्थायिक झाले. हेमा राईरकर (मृत्यू २०१०) यांच्यासह त्यांनी ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था पुण्यात चालवली. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातील गोरगरिबांची ‘गरीब डोंगरी संघटना’ ही त्यांच्या कामाशी जोडलेली होती. या कामात भेटलेल्या स्त्रियांच्या तोंडी असलेल्या ओव्या हा केवळ जुना ठेवा नसून स्त्रियांचा स्वतःविषयीचा विचार आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर ओव्या लिहून घेणे, त्यांवर गायिकांशीच चर्चा करणे आणि त्यांचा अर्थ लावणे असे काम सुरू झाले. या अभ्यासातून ‘इंडियन पेझंट विमेन स्पीक अप’ (१९९३) व ‘स्टोनमिल अँड भक्ती’ (१९९६) हे इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाले.

मुळशी तालुक्यातील नांदगाव, लवार्डे, तसेच कोळावडे व तिची खडकवाडी अशा गावा-वाड्यांतील गायिकांच्या ओव्या या संग्रहात आहेत. या कामाची वैशिष्ट्ये दोन होती. ओव्या गोळा करणाऱ्यांत गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा व कार्यकर्तींचा मोठा वाटा होता आणि प्रत्येक ओवीसोबत गायिकेचे नाव व गाव नोंदवले गेले. आधीच्या बहुतेक संग्रहांत ओवी ‘लोकांची’ म्हणून निनावी छापली जाई.

ओव्यांचे वर्गीकरण अर्थानुसार करण्यात आले. सीता, स्त्रीजन्म, माहेर, पंढरपूर, श्रम असे मुख्य विषय व त्यांचे अनेक उपविषय करून प्रत्येक ओवीला तिचे स्थान देण्यात आले. संग्रह प्रामुख्याने शब्दांचा असून ध्वनिमुद्रण त्याच्या मानाने थोडे आहे. फ्रान्समधील संगणकतज्ज्ञ व संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल १९९० च्या दशकात या कामात सहभागी झाले. त्यांनी ओव्यांचा संगणकीय संग्रह तयार केला आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण जमवले. हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या ओव्या या संग्रहात आहेत.

पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ (पारी) या संकेतस्थळावर २०१७ पासून हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागला. नमिता वाईकर यांच्या नेतृत्वाखालील गटात आशा ओगले यांनी इंग्रजी अनुवादाचे आणि रजनी खळदकर यांनी मजकुराचे काम पाहिले. प्वातवँ-राईरकर यांच्यासोबत पूर्वी संशोधन समन्वयक असलेले जितेंद्र मैड हेही त्यात सहभागी झाले. मूळ गायिकांना पुन्हा भेटून त्यांची छायाचित्रे, चित्रफिती व सद्यस्थिती नोंदवण्याचे कामही या गटाने केले.

लिखित गीतांशी तुलना

गीतातील शब्दांचे स्थान मराठी संगीताच्या निरनिराळ्या प्रकारांत निरनिराळे राहिले आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) पासून सुरू झालेल्या संगीत रंगभूमीवर अनेक पदे आधी ठरलेल्या चालींवर रचली गेली. पुढे गायकी जसजशी प्रबळ होत गेली, तसतसे श्रोते पदाच्या अर्थापेक्षा त्यातील ताना व आलापी यांसाठी ‘वन्समोअर’ देऊ लागले. चित्रपटगीतांतही चाल आधी आणि शब्द नंतर ही पद्धत रूढ आहे. अशा गीतांत श्रोत्याला मुखडा पाठ असतो, पण अंतरे आठवत नाहीत.

याच्या उलट टोकाला ‘गीतरामायण’ आहे. ग. दि. माडगूळकर यांनी रचलेली व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली ही ५६ गीते १ एप्रिल १९५५ पासून सुमारे वर्षभर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झाली. श्रोते ती शब्दांसाठी ऐकत, उतरवून घेत आणि पाठ करत. ज्या सीतेच्या त्यागाविषयी मुळशीच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या गात आल्या, तीच कथा येथे एका कवीच्या लेखणीतून आली. दोन्हींत शब्द प्रधान असले तरी श्रोत्याची भूमिका वेगळी आहे. गीतरामायणाचा श्रोता शब्द जपतो आणि ओवीची श्रोती ते बदलते.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या दोन्हींच्या मधला दुवा ठरतात. निरक्षर असलेल्या बहिणाबाई घरातील व शेतातील कामे करताना गाणी रचत. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि इतर आप्तांनी ती लिहून ठेवली आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ‘बहिणाबाईची गाणी’ प्रसिद्ध झाली. लिहून घेणारे कोणी घरात होते म्हणून एक कवयित्री महाराष्ट्राला मिळाली. ज्यांच्या घरी लिहिणारे नव्हते त्यांच्या रचना लोकगीत ठरल्या.

श्रमगीतांत स्त्रियांनी शब्द जपल्याची उदाहरणे महाराष्ट्राबाहेरही आहेत. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर विणलेले लोकरीचे ओले कापड आपटून घट्ट करताना स्त्रिया गेलिक भाषेत गात. एक जण ओळ म्हणे आणि बाकीच्या ठरावीक ध्रुवपद धरत. यंत्रांनी ते काम नाहीसे केल्यावर तेथील गीतेही प्रत्यक्ष कामातून उठून ध्वनिमुद्रणांत व कार्यक्रमांत आली.

कर्तृत्वाचा प्रश्न

ओवी कोणाची, हा प्रश्न सोपा नाही. गायिका बहुधा ती आपली म्हणून सांगत नाही. आईची म्हणून सांगते. तरीही तिने घातलेला शब्द, निवडलेला क्रम आणि ज्या प्रसंगी ती गायिली तो प्रसंग तिचाच असतो. निनावी छपाईमुळे स्त्रियांचे कर्तृत्व पुसले जाते, तर एकाच नावाने छापल्यास पिढ्यांचा सामायिक साठा एकीचा ठरतो. मुळशीपासून सुरू झालेल्या संग्रहाने गायिकेचे नाव ‘रचनाकार’ म्हणून न देता ‘गायिका’ म्हणून देण्याचा मध्यम मार्ग पत्करला आहे.

लेखनाच्या मर्यादाही येथे ध्यानात घ्याव्या लागतात. कागदावर आलेल्या दोन ओळींत शब्द राहतात. पण आवर्तने, मधली संबोधने, श्वास आणि जोडीदारणीचे उत्तर गळते. विषयवार वर्गीकरणात शोध सोपा होतो, मात्र एका पहाटे एका ओवीमागून दुसरी का आली, तो दुवा तुटतो. उलट बाजूने पाहता, लिहून घेतल्या नसत्या तर यांतील बहुसंख्य ओव्या त्या गाणाऱ्या स्त्रियांबरोबरच गेल्या असत्या.

सद्यस्थिती

पिठाची गिरणी गावात आल्यावर रोजचे दळण थांबले. स्त्रियांच्या दृष्टीने ही मोठी सुटका होती. जात्यावर दळणे हे अंग मोडणारे काम होते आणि स्वतः गायिकांनीच ओव्यांत त्याविषयी तक्रार केलेली आहे. त्यामुळे जाते गेल्याची हळहळ आणि ओवी गेल्याची हळहळ या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्या लागतात. कष्ट गेले हे चांगले झाले, पण त्या कष्टांच्या आडोशाने मिळणारी बोलण्याची जागाही त्यांच्यासोबत गेली.

आज जाते लग्नाच्या हळदीपुरते बाहेर निघते. ओव्या मुख्यतः वयस्क स्त्रियांच्या स्मरणात आहेत. नव्या पिढीतील मुली शाळेत पाठ्यपुस्तकांतून ओवी हा छंद शिकतात, परंतु आजीला येणाऱ्या ओव्यांशी त्याचा संबंध बहुधा जोडला जात नाही. संकेतस्थळावरील चित्रफितींमुळे ओवीला प्रथमच दूरचा, अनोळखी आणि न दळणारा श्रोता मिळाला आहे. तो सोबत सूर धरत नाही आणि उत्तरादाखल ओवीही रचत नाही. शब्द मात्र तो खाली लिहिलेल्या मजकुरासह ऐकतो आणि हवी तेव्हा ओवी पुन्हा लावू शकतो.

हे सुद्धा पहा

ओवी (छंद)
मराठी लोकगीते
जनाबाई
बहिणाबाई चौधरी
मुळशी सत्याग्रह
गीतरामायण
भोंडला